कौल उजवा पडला, तरी त्यांना घराबाहेर काढलं

ताई, सप्रेम नमस्कार. माझं आणि गावाचं नाव छापू नये ही विनंती.

मी रत्नागिरी जिल्ह्यात समुद्राला लागून असलेल्या एका गावचा गुरव. वय ४६. देवीची पूजा, दिवाबत्ती, शिमग्याची पालखी, गावाच्या वतीनं गाऱ्हाणं घालणं, कौल लावणं (देवीच्या पाषाणाला फूल चिकटवून ते कुठल्या बाजूला पडतं त्यावरून तिचं उत्तर घेणं), हे सगळं आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या चालत आलंय.

२२ जुलै २०२१ ला महाड-पोलादपूर बाजूला दरडी कोसळल्या. त्यातल्याच एका वाडीत माझी थोरली बहीण दिलेली होती. ताई, भावोजी, ताईची सासू आणि दोन मुलं, पाचहीजण गेले. रस्ते बंद, मी पोचलो तिसऱ्या दिवशी. चार दिवस चिखल उपसला. ताई कशी सापडली ते बायकोलाही सांगितलेलं नाही, तुम्हालाही लिहीत नाही. भाचीचा मोबाइल सापडला, ऑनलाइन शाळेसाठी मीच घेऊन दिलेला. भाची सापडली नाही.

त्या दिवशी सकाळी मी इकडे देवीपुढे गाऱ्हाणं घातलं होतं, पाऊस आवर म्हणून. ताईचं नाव घेऊन.

तेव्हापासून आत काहीच राहिलेलं नाही. पूजा रोज करतो, पण समोर दगड दिसतो. आई म्हणते देवी परीक्षा बघते. गावात कुजबूज आहे, त्या वाडीकडून देवीचं काहीतरी राहिलं असणार. बायकोला कळतं, पण ती विषय काढत नाही.

या पावसाळ्यात गावातलं एक जोडपं आलं. घरामागच्या दरडीला भेग गेलेली. घरात राहू की शाळेत जाऊ, कौल लाव म्हणाले. लावला. उजवा पडला, म्हणजे राहा. घरी आलो तर घास उतरेना. रात्री साडेअकराला बॅटरी घेऊन गेलो, त्यांच्या म्हातारीला पाठीवर घेतलं आणि सगळ्यांना शाळेत नेऊन बसवलं. डोंगर काही खाली आला नाही. सकाळी लोक हसले. ‘गुरवाचाच देवीवर विश्वास नाय.’ खोटं थोडंच आहे?

मी गावाला फसवतोय का? गुरवकी सोडून देऊ? मुलगा सोळा वर्षांचा आहे, त्याला गाऱ्हाणं शिकवू की नको?

एक गुरव

—

भाऊ, नमस्कार.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. पाच माणसं तुम्ही चार ओळींत आटोपलीत आणि कौलाची ती एक रात्र मात्र सविस्तर लिहिलीत. त्यामागचं कारण मला वाटतं मला कळतंय, पण त्याआधी तुमच्या ताईबद्दल दोन शब्द. दरडीखाली गेलेल्या माणसाला शोधणं म्हणजे काय असतं, ते हातानं चिखल उपसलेल्या माणसालाच ठाऊक. तुम्ही जे लिहिलं नाहीत ते मी विचारणार नाही. पण ते कधीतरी कुणापाशी तरी बोलायला लागेल. त्याकडे शेवटी येते.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देते, म्हणजे पुढचं वाचताना छातीवर ओझं राहणार नाही. पूजा करून आणि गाऱ्हाणं घालून तुम्ही कुणालाही फसवत नाही. कौलाची गोष्ट वेगळी आहे, तिथे माझं म्हणणं तुमच्या गावाला कदाचित रुचणार नाही.

आधी ती कुजबूज. ‘त्या वाडीकडून काहीतरी राहिलं असणार.’ हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलेय, आणि इतकं निर्दय वाक्य आपल्या कोकणात दुसरं नाही. त्या चोवीस तासांत महाबळेश्वरात ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. जवळजवळ दोन फूट पाणी, एका दिवसात. महाड-पोलादपूर त्याच डोंगररांगेच्या पायाशी आहे, सावित्री नदी वरूनच उतरते. डोंगराच्या अंगावरची माती पाणी पिऊन जड होते, खालचा खडक ते पाणी आत घेत नाही, माती आणि खडक यांच्यामध्ये पाणी साचतं आणि वरचा सगळा थर सुटून खाली येतो. त्याच दिवशी वाशिष्ठीनं चिपळूण बुडवलं. आता त्या दोन फूट पाण्यानं कुठल्या घरात नवस फेडलाय आणि कुठल्या घरात राहिलाय, हे बघितलं असेल का? ज्यांच्या घरी काहीही ‘राहिलं’ नव्हतं अशीही माणसं त्या दिवशी गेली.

किल्लारीचा भूकंप आठवा. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. लोक गणपती बोळवून, दमून झोपले होते. जवळपास दहा हजार माणसं गेली. त्यांच्याकडून काय राहिलं होतं सांगा? ते तर देवाचंच करून झोपलेले.

ही कुजबूज अडाणी माणसंच करतात असंही नाही. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये मोठा भूकंप झाला, तेव्हा खुद्द गांधीजी म्हणाले की अस्पृश्यतेच्या पापाची ही शिक्षा आहे. रवींद्रनाथ ठाकूर गांधीजींना फार मानायचे, तरी त्यांनी उघडपणे विरोध केला. धरणीकंपाला कारणं धरणीची असतात, त्याला माणसांच्या पापपुण्याशी जोडू नका, असं त्यांचं म्हणणं. गांधीजींनी तो विरोध आपल्याच साप्ताहिकात छापला आणि आपलं मत मात्र सोडलं नाही. हेतू चांगला असला तरी त्या बोलण्याखाली बिहारमधल्या मेलेल्या माणसांवर पाप लादलं जात होतं, हे मला आजही खटकतं. या बाबतीत मी रवींद्रनाथांच्या बाजूची आहे.

गावातले लोक असं का बोलतात? भीतीपोटी. त्या वाडीची चूक होती असं ठरलं, की आपली चूक नाही तोवर आपला डोंगर शाबूत, असं मनाला सांगता येतं. म्हणून त्यांचा राग धरू नका. पण पुढच्या वेळी कुणी हे तुमच्या तोंडावर बोललं, तर गप्प बसू नका. “माझी ताई होती ती,” एवढं म्हणा. पुढचं त्याला कळेल.

आणि भाऊ, ही कुजबूज तुमच्याही आत चालू आहे असं मला वाटतं. तुम्ही लिहिलंय, ‘त्या दिवशी सकाळी गाऱ्हाणं घातलं होतं, ताईचं नाव घेऊन.’ त्या ओळीनंतर पत्रात रिकामी जागा सोडली आहे. तुमचा राग देवीवर आहे असं पत्र वाचून वाटतं. माझा कयास असा, की त्यातला अर्धा स्वतःवर आहे. मी मागितलं ते कमी पडलं, माझ्याच तोंडून काही चुकलं, मी गुरव असून माझ्याच बहिणीला वाचवता आलं नाही. हे मनात असेल तर ते काढून टाकायलाच हवं. ५९४ मिलिमीटर पाऊस गाऱ्हाण्यानं थांबणारा नव्हता, तुमच्या नाही आणि आणखी कुणाच्याही नाही.

आता मी कोण ते सांगते, म्हणजे माझं बोलणं कुठून येतंय ते तुम्हाला कळेल. मी देव मानते. रोज संध्याकाळी दिवा लावते. माझं सासर देवगडकडचं, दर्यावर पोट असलेलं. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान वादळ आलं तेव्हा माझा धाकटा दीर होडीवर होता. होडी मिळाली नाही, दीरही नाही. सासूबाईंनी त्या दिवसापासून देवाचं करणं सोडलं. भांडण नाही, आदळआपट नाही. देव्हाऱ्यासमोरून जाताना मान वळायची नाही, बस्स.

मी तेव्हा तरुण होते आणि मला वाटायचं आपण चार शब्द बोललो की माणूस सावरतो. एक दिवस मी त्यांना गाडगेबाबांची गोष्ट सांगितली. कीर्तन चालू असताना मुलगा गेल्याची खबर आली, आणि बाबा म्हणाले, ऐसे गेले कोट्यानुकोटी, काय रडू एकासाठी. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. सुपातून मान वर न करता म्हणाल्या, “तेंका कोटी आसतीत. माका दोनच होते.” त्यानंतर कितीतरी महिने त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या, आणि ते बरोबरच होतं. गाडगेबाबा मोठेच. पण त्यांनी स्वतःच्या दुःखाला लावलेलं माप मी दुसरीच्या दुःखाला लावायला गेले, तो माझा आगाऊपणा. म्हणून तुम्हाला आधीच सांगते, हे पत्र तुमची श्रद्धा परत आणण्यासाठी मी लिहीत नाहीये. ती येईल की नाही ते मला माहीत नाही. आली तर येऊ द्या, नाही आली तर तुम्ही कमी माणूस ठरत नाही.

सासूबाई शेवटपर्यंत देवळात गेल्या नाहीत. नारळी पौर्णिमेला सगळी वाडी बंदरावर जायची, तेव्हा त्या मागच्या दारी बसायच्या. गणपतीत मोदकांची उकड मात्र त्यांच्याशिवाय कुणाला जमायची नाही. ती त्या काढून द्यायच्या आणि आरती सुरू झाली की पडवीत जाऊन बसायच्या. तुळशीला पाणी मात्र रोज घालायच्या. एकदा धाकट्या नणंदेनं डिवचलं, देव नको तर तुळस कशाला? त्या म्हणाल्या, “झाड आसा मां ता. पाणी नको?”

तुम्ही रोज समोर दगड दिसत असताना त्याला आंघोळ घालता, दिवा लावता, गाभारा झाडता, त्यात मला ती तुळस दिसते. पहाटे देवळाचं दार उघडलेलं असावं, दिवा असावा, म्हातारी माणसं येऊन टेकावीत, हे तुम्ही चार वर्षं आत काही नसताना चालवलंत. त्याला मी फसवणूक म्हणू शकत नाही. समोर हात जोडणारी बाई तुमच्या मनात काय आहे ते विचारायला येत नाही, तिला तिचं बोलायचं असतं. तुम्ही तिच्यासाठी दार उघडता.

आणि गाऱ्हाणं. या शब्दावर मी गेले दोन दिवस विचार करतेय. आपल्या कोकणाबाहेर कुणाला सांगितलं तर नवल वाटतं, की आमच्याकडे गावानं देवापुढे उभं राहून जे म्हणायचं त्याचं नावच तक्रार आहे. स्तोत्र नाही, आरती नाही, गाऱ्हाणं. बा देवा म्हाराजा म्हणून सुरुवात करायची आणि काय वाकडं झालंय ते मोजून सांगायचं. आपल्या जुन्या माणसांनी तक्रारीला देवळात मानाची जागा करून ठेवली आहे. तुमच्या मनात देवीबद्दल जी तक्रार आहे ती घेऊन गाभाऱ्यात उभं राहायला तुम्हाला लाज वाटायचं कारण नाही. तिथे ती पहिल्यापासून चालत आलीये.

तुकोबांचं तुम्हाला माहीत असेल. १६३० च्या आसपासच्या त्या दुष्काळात त्यांची पहिली बायको अन्न अन्न करत मेली, हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवलंय. त्याच तुकोबांचे ‘माझे लेखीं देव मेला’ हेही शब्द आहेत. गाथेत आहेत आणि आजवर ते कुणी काढून टाकलेले नाहीत. लोक म्हणतील, ते भक्ताचं रुसणं होतं, पुढे सगळं ठीक झालं. असेल. पण ज्या दिवशी ते शब्द तोंडातून आले त्या दिवशी पुढे काय होणार ते त्यांना ठाऊक नव्हतं. तुम्ही आत्ता त्या दिवसात आहात. तुमच्यावर ‘पुढे’ लादायचा हक्क कुणाला नाही, आईलाही नाही, मलाही नाही. आई परीक्षा म्हणते, तिला म्हणू द्या. लेक, जावई, नातवंडं गेलीत तिची. तिला तो एक शब्द धरून उभं राहायचं असेल तर तो तिच्या हातातून काढून घेऊ नका. तुम्हाला तो धरता येत नाही, हेही तिला कळू द्या.

आता कौल.

इथे मी कडक बोलणार आहे. त्या रात्री बॅटरी घेऊन तुम्ही गेलात, ते तुमच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम असेल. आणि त्याच दिवशी संध्याकाळी तुम्ही कौल लावलात, ते चुकलं. तुम्हालाही हे कळलंय, म्हणूनच घास उतरला नाही, म्हणूनच पत्रात त्या रात्रीला इतकी जागा आहे. सोयरीक, सामायिकातला आंबा, नवी होडी कधी पाण्यात घालायची, असल्या गोष्टींना लोक कौल मागतात. त्यात माणसाचं मन शांत होतं, भांडणं मिटतात, मला त्याच्याशी भांडायचं नाही. पण दरडीला भेग गेली असताना राहू की जाऊ, पोराला ताप आहे तर डॉक्टरकडे नेऊ की थांबू, साप चावलाय तर काय करू, हे प्रश्न ओल्या पाषाणाला चिकटवलेल्या फुलावर सोडायचे नाहीत. श्रद्धा असलेल्या गुरवानंही नाही. तुमची देवीवरची श्रद्धा परत आली, अगदी पहिल्यासारखी आली, तरीही नाही. फूल कुठल्या बाजूला पडतं ते बघून म्हातारी माणसं घरात झोपवायची आणि पहाटे चिखल उपसायचा, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे?

लोक हसले, हसू देत. डोंगर त्या रात्री आला नाही, म्हणजे तुमचं जाणं फुकट गेलं असं होत नाही. तुम्ही ज्या वाडीत चार दिवस काढलेत, तिथल्या लोकांना आदल्या रात्री कुणी असं उठवायला आलं असतं तर? हा प्रश्न तुम्ही रोज स्वतःला विचारत असणार. त्या जोडप्याच्या दारात उभं राहून तुम्ही त्याला उत्तर दिलंत.

माझी सूचना अशी. शिमग्याला मुंबईकर येतात, गावकीची बैठक होते, तेव्हा उभे राहा आणि सांगा, जिवाच्या प्रश्नाला यापुढे या देवळात कौल लागणार नाही. विश्वास आहे की नाही या वादात शिरूच नका. “मी माझे पाच घालवलेत, मी लावणार नाही,” एवढं पुरे. भाऊबंदांनाही हे पटवून घ्या, नाहीतर तुमची पूजेची पाळी संपली की लोक त्यांच्याकडे जातील. त्याच बैठकीत दुसरं एक ठरवून घ्या. पावसाळ्याआधी गावातल्या चारजणांनी डोंगराची फेरी मारायची. जमिनीला नवी भेग, वाकलेली झाडं किंवा विजेचे खांब, एकाएकी फुटलेला झरा किंवा झऱ्याचं पाणी गढूळ होणं, दार-खिडक्या नीट लागेनाशा होणं, ही लक्षणं दिसली की तलाठी आणि तहसीलला कळवायचं. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७ आहे, तो देवळाच्या खांबावर मोठ्या अक्षरात रंगवून घ्या. मुसळधार लागली की धोक्याच्या घरातली माणसं रात्रीपुरती शाळेत किंवा देवळाच्या सभामंडपात. अंधार पडायच्या आत. घंटा तुमच्या हातात आहे, ती वाजली की सगळं गाव जमतं. तिचा हा उपयोग करायला कुणाची हरकत असू नये.

गुरवकी सोडायची का? माझं मत, आत्ता ठरवू नका. पण थांबायला मात्र हरकत नाही. तुमच्याकडे पाळी आहे ना? चुलतभावाला सांगा, एक वर्ष माझी पाळी तू कर. मानपान, उत्पन्न, पालखीच्या वेळचा हक्क यावरून पुढे तंटा नको, म्हणून चारचौघांत बोलून घ्या, जमलं तर लिहूनही ठेवा. वर्षभर सकाळी उठून देवळात जायचं बंधन नसेल तेव्हा काय वाटतं ते बघा. हायसं वाटलं तर एक कळलं, चुकल्यासारखं वाटलं तर दुसरं कळलं. दोन्हीपैकी काहीही वाटलं तरी लाज वाटून घेऊ नका.

मुलाला गाऱ्हाणं शिकवा. ते शब्द तुमच्या वडिलांचे, आजोबांचे आहेत, त्यात गावातल्या वाड्यांची, शिवांची, राखणदारांची नावं आहेत, जी दुसऱ्या कुठल्या कागदावर नसतील. ती त्याला मिळू देत. सोबत हेही सांगा की बाबांना सध्या हे म्हणताना आत काही जाणवत नाही. सोळा वर्षांच्या पोरापासून हे लपत नसतं. त्याला ते आधीच दिसलंय, फक्त विचारायची भीती वाटतेय. गुरवकी पुढे करायची की नाही ते तो ठरवील. त्याला दुसरं शिक्षण घेऊ द्या.

तुम्ही लिहिलं नाहीत, पण विचारते. पाऊस जोरात लागला की रात्री उठून बसता का? चिखलाचा वास आला की हात कापतात का? चार वर्षांनंतरही तेच चिखलातलं दृश्य डोळ्यांसमोर येतं का? हे श्रद्धेशी जोडू नका. जे तुम्ही पाहिलंत ते पाहिलेल्या माणसाच्या शरीराला असं होतं, देव मानणाऱ्यालाही होतं आणि न मानणाऱ्यालाही. त्याला उपचार आहेत. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. तिथवर जायला संकोच वाटला, कुणी बघेल म्हणून, तर १४४१६ या नंबरवर फोन करा. ‘टेलि-मानस’ ही सरकारी सेवा आहे, फुकट आहे, रात्रीअपरात्रीही लागते आणि मराठीत बोलता येतं. कोकणात आपण पायाला कुरूप झालं तर डॉक्टर गाठतो, आणि झोप उडून चार वर्षं झाली तरी ‘बाधा असेल’ म्हणून थांबतो. तुम्ही थांबू नका.

राहता राहिली एक गोष्ट, जी मला पत्र वाचल्यापासून सोडत नाहीये.

गाऱ्हाण्यात तुम्ही एकेक मागणं म्हणता आणि मागून सगळं गाव म्हणतं, व्हय म्हाराजा. इतकी वर्षं तुम्ही हे करताय. आठवून बघा, गाभाऱ्यातून आवाज कधीच आला नव्हता, श्रद्धा होती तेव्हाही नाही. व्हय म्हणणारी माणसं कायम तुमच्या पाठीशी उभी होती. सगळ्या गावाच्या दुखण्याला तुम्ही तोंड दिलंत आणि गावानं व्हय म्हटलं. तुमच्या स्वतःच्या दुखण्याला आजवर कुणी व्हय म्हटलेलं नाही, कारण तुम्ही ते कुणापुढे घातलंच नाहीत. ताई कशी सापडली ते बायकोलाही सांगितलं नाही, मला तर नाहीच.

तेव्हा देवीला नको असेल तर राहू दे. एखाद्या संध्याकाळी देऊळ बंद झाल्यावर बायकोला किंवा त्या चुलतभावाला घेऊन समोरच्या कट्ट्यावर बसा. भावोजींचं नाव घ्या, ताईच्या सासूचं घ्या, भाच्याचं, भाचीचं, ताईचं. मोबाइल सापडला तो सांगा. मग जे मला लिहिलं नाहीत ते सांगा, जमेल तेवढं, एका दिवसात नाही जमलं तर दुसऱ्या दिवशी. ऐकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा, समजूत काढू नकोस, देवीची मर्जी म्हणू नकोस, मध्ये बोलू नकोस. मी थांबलो की फक्त व्हय म्हण.

तुमची,
ताई